दांडा, मूठ आणि तिसरा पावसाळा

मे सरता सरता रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत लोहाराच्या भात्यापुढे माणसे वाढू लागतात. पेरणीच्या आत कोयते, विळे पाजवून घ्यायचे असतात, कुदळीचे, टिकावाचे दांडे बदलायचे असतात. लोखंडाचे काम लोहार करतो, पण दांडा बहुतेक जण घरून घेऊन येतात. कुणाकडे धामणीचा सोट असतो, कुणाकडे ऐनाचा तासलेला तुकडा, कुणाकडे परसातल्या बेटातला माणगा बांबू. लोहार तो हातात फिरवून बघतो, एका डोळ्याने त्याच्या लांबीवरून नजर टाकतो आणि मगच नेढ्यात बसवायला घेतो. त्या एका नजरेत दांड्याच्या ताकदीचे निम्मे शास्त्र असते. याच बाजारात गेल्या काही वर्षांत दुसऱ्या प्रकारचे दांडे आणि मुठी आल्या आहेत. तपकिरी-काळ्या पट्ट्यांच्या, हाताच्या आकाराला वाकवलेल्या, बोटांसाठी खाचा पाडलेल्या या मुठी अखंड लाकडाच्या नसतात. त्या लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेल्या असतात.

अशी मूठ असलेली छाटणीची करवत मी स्वतः वापरली. आंब्याच्या फांद्या कापताना ती हातात इतकी सुरेख बसायची की जुनी करवत पुन्हा उचलावीशी वाटली नाही. पहिला पावसाळा तिने पाहिला आणि काही झाले नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मुठीच्या खालच्या टोकाला नखाएवढी फट दिसली. तिसऱ्या वर्षी कापता कापता मधला थर सुटला आणि पाते हातात वळले. हात वाचला. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे: थरांच्या लाकडाची ही मूठ खरोखर किती मजबूत असते, कोणत्या दिशेने मजबूत असते, आणि आमच्या पावसात ती मजबुती किती दिवस टिकते? या प्रश्नाबद्दल आज जे पक्के माहीत आहे ते एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी अखंड लाकडाबद्दल, कारण तुलना त्याच्याशीच होणार. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. नळ्यांच्या दिशेने ओढले तर ते पोलादाशी वजनाला वजन लावून स्पर्धा करते, पण आडवे ओढले तर नखाने चिरते. म्हणून दांड्यात पहिली गोष्ट बघायची ती नस: तंतू दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात, की मध्येच तिरपे होऊन बाजूने बाहेर पडतात? अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेच्या ‘वूड हँडबुक’मध्ये याचे आकडे दिले आहेत. सरळ नसेच्या लाकडाची वाकवण्यातली ताकद १०० धरली, तर वीस मापांत एक माप तिरपी नस असलेल्या लाकडाची ९३ भरते, दहात एक असेल तर ८१ आणि पाचात एक असेल तर अवघी ५५. झटका सोसण्याची ताकद याहून वेगाने घसरते. त्याच तिरपेपणांना ती ९०, ६२ आणि ३६ इतकी उरते. कुदळ आणि कुऱ्हाड झटक्यावरच चालतात. त्यामुळे दहात एक एवढी तिरपी नस, जी अनोळखी डोळ्याला सरळच वाटेल, ती दांड्याची झटका सोसण्याची तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद खाऊन टाकते. लोहार एका डोळ्याने दांडा बघतो तो यासाठी.

लाकडाची जात यानंतर येते. आपल्याकडे दांड्यासाठी धामणीचे नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. धामण चिवट आहे, लवचीक आहे, झटका पोटात घेते. गाडीचे जू, कावड, दांडे यांसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. अमेरिकेत हिकरीचे जे स्थान आहे ते आपल्याकडे तिचे. खैर त्याहून कठीण. चिपळूणच्या काताच्या धंद्यामुळे खैराची ओळख आहे ती वेगळ्या कारणाने, पण मुसळ आणि दांडे यांसाठीही तो जुना. ऐन, किंजळ कामापुरते. साग टिकाऊ आहे, पावसात कमी फुगतो, पण झटका सोसण्यात तो धामणीच्या मागे. भारतीय लाकडांची ही तुलना नीट आकड्यांत मांडण्याचे मोठे काम देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत झाले आणि त्यात व्ही. डी. लिमये हे मराठी नाव ठळक आहे. त्यांनी १९३३ मध्ये भारतीय लाकडांचे यांत्रिक गुणधर्म एकत्र प्रसिद्ध केले, पुढे लाकडांचे उपयोगानुसार गट पाडले. साग १०० धरून बाकीच्यांना गुण द्यायची पद्धत आजही सुतारकामाच्या पुस्तकांत सापडते. लाकडी दांड्यांसाठी आयएस ६२० हे भारतीय मानकही आहे. थोडक्यात, अखंड दांड्याचे ज्ञान आपल्याकडे जुने आहे आणि भरवशाचे आहे.

मग थर कशाला? मला यात दोन खरी कारणे दिसतात. एक टंचाईचे: सरळ नसेची, गाठ नसलेली, पुरेशा जाडीची धामण आता सहज मिळत नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे, आणि त्याची चर्चा कमी होते. ते कारण म्हणजे वाक. हाताला सोयीची मूठ सरळ नसते. विळ्याची मूठ थोडी खाली झुकलेली असेल तर भात कापताना बोटे जमिनीला घासत नाहीत. करवतीची मूठ पिस्तुलासारखी वळलेली असेल तर मनगट सरळ राहते. मनगट वाकवण्यापेक्षा हत्यार वाकवावे हा विचार एर्विन टिशाउअर यांनी १९७० च्या दशकात कारखान्यातल्या पकडींवर काम करताना ठामपणे मांडला, आणि तेव्हापासून वळलेल्या मुठी जगभर पसरल्या. पण हा वळलेला आकार सरळ फळीतून कापून काढला, की वळणापाशी तंतू बाजूने तुटतात. म्हणजे हाताच्या सोयीसाठी आपण स्वतःच पाचात एक तिरपी नस तयार करतो आणि वर सांगितलेली ३६ ची मजबुती पदरात घेतो. मुठी वळणापाशीच मोडतात याचे कारण हेच.

यावर उत्तर आहे. लाकडाच्या पातळ पट्ट्या घ्यायच्या, सगळ्यांची नस एकाच दिशेने ठेवायची, साच्यात वाकवून एकमेकींना चिकटवायच्या. आता तंतू वळणासोबत वळतात, कुठेही तुटत नाहीत. पट्टी किती जाड चालेल याचा हिशेब सोपा आहे. पट्टी वाकवली की तिच्या बाहेरच्या बाजूला ताण येतो आणि तो जाडी भागिले त्रिज्येच्या दुप्पट इतका असतो. ३०० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर ३ मिलिमीटरची पट्टी अर्धा टक्का ताणली जाते, ६ मिलिमीटरची एक टक्का. सुके लाकूड एक टक्क्याच्या आसपास तुटू लागते, म्हणून ३ ची पट्टी वाकेल आणि ६ ची चिरेल. साच्यातून काढल्यावर पट्ट्या थोड्या उलगडतात, पण थर वाढवले तर हे उलगडणे थरांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. पाच थर असतील तर मूळ वाकाच्या सुमारे चार टक्केच. थरांच्या मुठीची खरी ताकद इथे आहे. ‘लाकडापेक्षा थर मजबूत’ असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. सरळ दांड्यात उत्तम धामण कोणत्याही चिकटवलेल्या दांड्याला भारी पडेल. वळणावर मात्र थर जिंकतात.

याला एक जुना आणि सगळ्यांच्या ओळखीचा पुरावा आहे: क्रिकेटची बॅट. तिचा दांडा वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, मध्ये रबराच्या पट्ट्या घालून बनतो आणि पाचरीच्या आकाराने पात्यात बसतो. या रचनेचे श्रेय चार्ल्स रिचर्डसन यांना देतात. ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरचे ते शिष्य, सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचे मुख्य अभियंता, आणि ही रचना १८८० च्या दशकातली. आधीचे अखंड दांडे हाताला झिणझिण्या आणायचे. थरांमुळे दांडा लवचीक झाला, झटका थरांमध्ये विरू लागला. हत्याराच्या मुठीतला थर हा फक्त ताकदीचा नसतो, तो हाताला पोचणारा धक्काही ठरवतो, हे त्या दांड्यावरून कळते.

आता दिशेचा मुद्दा, कारण इथेच बाजारातला माल फसवा होतो. प्लायवूडमध्ये एक थर उभा, दुसरा आडवा, असे आलटून पालटून असते. त्यामुळे बऱ्याच थरांच्या प्लायची फळी दोन्ही दिशांना जवळपास सारखी वागते, कमी फुगते, चिरत नाही. टेबलासाठी हे वरदान आहे. दांड्यासाठी मात्र आडवे थर ओझे ठरतात, कारण दांड्याच्या लांबीच्या दिशेने ते जवळपास काहीच पेलत नाहीत. नऊ सारख्या जाडीच्या थरांच्या प्लायमधून मूठ कापली आणि तिच्यावर थरांच्या कडेच्या दिशेने जोर आला, तर नवांपैकी पाचच थर काम करतात, म्हणजे पंचावन्न टक्के. तीच मूठ थरांच्या सपाटीवर जोर येईल अशी वापरली, तर कडकपणा सदुसष्ट टक्क्यांच्या आसपास येतो, कारण बाहेरचे थर मध्यापासून लांब असतात आणि त्यांचा वाटा मोठा असतो. तीन थरांच्या प्लायमध्ये हाच आकडा शहाण्णव टक्के. म्हणजे सपाटीवर जोर घेताना थर जितके जास्त तितकी ताकद जास्त हा समज आडव्या थरांच्या प्लायला लागू होत नाही, उलटेच होते. सुतारकामातून उरलेल्या प्लायच्या तुकड्यांतून कापलेल्या मुठी मी अनेक ठिकाणी पाहिल्या आहेत. खुरप्याला चालतील. कोयत्याला नकोत.

सगळे थर एकाच दिशेचे असले तरी ते दांड्यात कसे उभे करायचे हा प्रश्न उरतो. वाकताना दांड्याच्या अगदी मध्यावर थर एकमेकांवरून सरकू पाहतात, आणि चिकटवणीची मधली रेघ नेमकी तिथे आली तर सगळा भार सरसावर येतो. थर घावाच्या दिशेने उभे ठेवले, म्हणजे मूठ हातात धरून घाव घालताना थरांच्या कडा वरखाली दिसाव्यात असे, तर सरसाच्या रेघेवर हा सरकवण्याचा जोर फारसा पडत नाही. झाडाच्या वर्तुळांच्या रेघा दांड्याच्या टोकाला घावाच्या दिशेने असाव्यात हा जुन्या सुतारांचा नियम याच जातीचा आहे. पण वळलेल्या मुठीत हा नियम पाळता येत नाही, कारण वाकवण्यासाठी थर आडवेच लागतात. म्हणून वळलेल्या मुठीत सरसाचा दर्जा हाच जीव.

सरसाकडे यायला मी मुद्दाम उशीर केला, कारण रत्नागिरीत सगळी चर्चा शेवटी इथेच येऊन थांबते. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. त्या हवेत लाकूड नुसते ठेवले तरी त्यातले पाणी वीस टक्क्यांच्या आसपास जाते. पासष्ट टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत ते बारा असते. लाकडातले पाणी एक टक्का वाढले की वाकवण्यातली ताकद सुमारे चार टक्के उतरते, तेव्हा हिवाळ्यापासून आषाढापर्यंत त्याच दांड्याची पाव हिश्शाहून जास्त ताकद जाते. यात एक समाधान आहे: ओले लाकूड वाकते जास्त, त्यामुळे झटका सोसण्याची ताकद फारशी घटत नाही. मोठा घात करते ते वर्षानुवर्षे फुगणे आणि आकसणे. नेढ्यात अडकलेला दांडा फुगायला जागा नसली की त्याचे तंतू चेपतात, मग उन्हाळ्यात तो पूर्वीपेक्षा बारीक होतो आणि कुदळ सैल होते. ती घट्ट करायला आपण पाण्याच्या बादलीत बुडवतो. चार दिवस घट्ट वाटते, पण त्या बुडवण्याने तंतू आणखी चेपतात आणि पुढच्या वेळी ती आणखी सैल निघते. पाचर ठोकणे हाच खरा उपाय.

थरांच्या मुठीत ही फुगण्या-आकसण्याची ओढाताण सरसाच्या रेघेवर पडते. घरगुती पांढरा सरस, सुतार ज्याला फेव्हिकॉल या नावानेच ओळखतात त्या प्रकारचा, कोरड्या खोलीत लाकडापेक्षा घट्ट धरतो, पण पाण्यात भिजत राहिला की मऊ पडतो आणि उन्हात तापलेल्या हत्यारावरही ढिला होतो. त्याचे पाणी सोसणारे प्रकार वेगळे मिळतात, पण स्वस्त मुठीत ते असतीलच असे नाही. युरिया फॉर्मल्डिहाइड त्याहून बरे, तरी ओलावा आणि उष्णता एकत्र आल्या की हळूहळू फुटते. पावसात टिकते ते फिनॉल फॉर्मल्डिहाइड, रिसॉर्सिनॉल आणि चांगले इपॉक्सी. प्लायवूडच्या भारतीय मानकांत हा फरक साध्या भाषेत बांधला आहे. उकळत्या पाण्यात बहात्तर तास ठेवल्यावरही थर सुटता कामा नयेत ही अट पाळणाऱ्याला ‘बीडब्ल्यूपी’ म्हणतात. आयएस ७१० चे मरीन प्लाय याच कसोटीचे. आमच्या मच्छीमार होड्यांमध्ये आणि घाटावरच्या स्वयंपाकघरांत लोक ते मागून घेतात. मुठीबद्दल मात्र असे कुणी विचारत नाही, आणि विक्रेताही सांगत नाही.

सरसाच्या या प्रश्नाने भारताच्या पावसात एकदा मोठी किंमत वसूल केली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ विमान लाकडाच्या थरांचे होते. बर्चच्या पातळ प्लायमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून त्याचे कवच बनवत. सुरुवातीला दुधातल्या केसिनचा सरस वापरला, पुढे फॉर्मल्डिहाइडचे रेझिन. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या काही विमानांचे भाग हवेत तुटले आणि नोव्हेंबरमध्ये तिथली सगळी मॉस्किटो विमाने तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली. पहिला संशय उष्ण दमट हवेत सरस सडल्याचा होता. चौकशीत बोट गेले ते पावसाळ्यात लाकडाच्या आकसण्या-फुगण्याकडे आणि कारखान्यात नीट न बसवलेल्या सांध्यांकडे. उत्तम सरस असला तरी सांध्यात फट राहिली, दाब कमी पडला किंवा पट्ट्या वेगवेगळ्या ओलाव्याच्या असताना चिकटवल्या, तर पावसाळा ती चूक शोधून काढतो. माझ्या करवतीची फट टोकाला सुरू झाली होती, जिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि पाणी थेट आत जाते. टोके रंगाने किंवा तेलाने बंद केलेली नव्हती.

एक पर्याय ही अडचण मुळातून टाळतो. लाकडाचे अतिशय पातळ पापुद्रे फिनॉलच्या रेझिनमध्ये मुरवून, उष्णता देऊन प्रचंड दाबाखाली दाबतात. लाकडाच्या नळ्या दबतात, त्यांत रेझिन भरते आणि घनता १.३ च्या आसपास जाते, म्हणजे ते पाण्यात बुडते. हेच लाकूड ‘पक्कावूड’ या नावाने सुऱ्यांच्या मुठींसाठी जगभर चालते. नाव आपल्याच बोलीतले वाटते. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या रटलँड प्लायवूडचे ‘डायमंडवूड’ याच जातीचे होते. २०१४ मध्ये तो कारखाना आगीत गेला आणि हत्यारांच्या मुठी करणाऱ्यांची मोठी अडचण झाली. आपल्याकडे असे दाबलेले लाकूड मुख्यतः विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. पाण्यापुढे ते निश्चिंत असते, कठीण असते, घासून चकाकते. पण ते जड आहे आणि झटक्यापुढे लाकडासारखे चिवट नाही, कारण लवचीकपणा गेलेला असतो. सुरीला, करवतीला उत्तम. कुऱ्हाडीला त्याची शिफारस मी करणार नाही.

ताकदीची गोष्ट हातापासून तोडून चालत नाही. मुठीची जाडी कमी केली की तिची ताकद जाडीच्या घनाने उतरते. ३६ ची मूठ ३२ मिलिमीटरची केली तर ताकद तीस टक्के गेली. आणि भात कापणाऱ्या बायकांच्या हाताला ३६ ची मूठ बहुतेकदा जाडच असते, पकड ढिली पडते, दिवसअखेर बोटे आखडतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत एल. पी. गिते आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या शेतमजुरांच्या शरीराची आणि ताकदीची मापे २००९ मध्ये ग्रंथरूपात आणली. त्यात स्त्रियांची मापे वेगळी आहेत आणि ती पुरुषांपेक्षा स्पष्टपणे लहान आहेत. दुकानातली हत्यारे अजूनही एकाच मापाची मिळतात. इथे लंबगोल मूठ फार उपयोगी पडते. ३२ मिलिमीटर व्यासाच्या गोल मुठीऐवजी २६ बाय ३८ ची लंबगोल मूठ घेतली, तर हाताने वेढायचा घेर जवळपास तेवढाच राहतो, शंभर मिलिमीटरच्या आसपास, आणि घावाच्या दिशेची ताकद सुमारे पंधरा टक्के वाढते. शिवाय ती हातात फिरत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा कापणाऱ्यांच्या हाताला हलका लागतो, पात्यावरचे ते काम मोलाचे झाले आहे. मुठीवर तेवढेच काम व्हावे असे मला मनापासून वाटते, कारण पाते चांगले असूनही मूठ सैल झाल्याने फेकून दिलेले विळे मी बांधावर पाहिले आहेत.

सैल होण्याचे एक कारण बसवण्यात आहे. लोहार विळ्याचे शेपूट तापवून लाल करतो आणि लाकडी मुठीत ठोकतो. लाकूड जळून भोक पडते, शेपूट घट्ट बसते, कधी लाखेने भरतात. अखंड लाकडाला ही पद्धत मानवते. थरांच्या मुठीत तीच घातक ठरते. लाल लोखंडाच्या भोवतीचा पांढरा सरस वितळतो, इतर सरसही जळतो, आणि नेमक्या ज्या जागी सर्वांत जास्त जोर येतो तिथेच थर सुटे होतात. बाहेरून काही दिसत नाही. थरांची मूठ बसवायची तर थंड भोक पाडून इपॉक्सीत शेपूट बसवावे, आडवी खीळ मारावी आणि तोंडाशी शेंबी घालावी. गावच्या लोहाराला हे सांगितले तर तो करतो, पण त्याला कुणी सांगितलेले नसते.

लांब दांड्यांचा प्रश्न मुठींपेक्षा वेगळा आहे आणि तिथे निसर्गाने थर लावून ठेवलेले आहेत. बांबूच्या कांबीत तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात, म्हणजे जिथे वाकवताना सर्वाधिक ताण येतो तिथेच ताकद. कोकणातला माणगा जवळपास भरीव असतो, त्यामुळे त्याला खिळा, शेंबी सहन होते. लिमये यांनीच १९५२ मध्ये मानवेल या बांबूच्या ताकदीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या होत्या. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या फळ्या आता बाजारात आहेत, पण एक गोष्ट विसरली जाते. सरस धरावा म्हणून पट्टीची बाहेरची मेणचट, गारगोटीसारखी कठीण साल रंधून काढावी लागते, आणि सर्वांत दाट तंतूही तिच्यालगतच असतात. म्हणून कुदळीच्या सरळ दांड्यासाठी अखंड माणगा चिकटवलेल्या बांबूपेक्षा चांगला, हे माझे स्पष्ट मत आहे. आंबे उतरवायच्या झेल्याला तर हलकी पोकळ कांबच हवी. दापोलीचा नूतन झेला देठासकट आंबा कापून जाळीत घेतो, त्यामुळे चीक फळावर ओघळत नाही, पण तो दिवसभर डोक्यावर उचलून धरायचा असतो. कांबीच्या टोकाचे वजन वाढले की खांद्यावरचा भार लांबीच्या पटीने वाढतो. तिथे जड थर कामाचे नाहीत. अॅल्युमिनियमचे दांडे हलके आहेत, पण बागेवरून विजेच्या तारा जात असतील तर ते जिवावर बेततात.

बांबूला जपणूक हवी. कापल्यावर त्यातली साखर आणि पिठूळपणा भुंगेऱ्यांना बोलावतो. आमच्याकडे कांबी खाडीत किंवा वहाळात काही आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे, ती याच कारणाने बरोबर आहे. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवणे त्याहून खात्रीचे. २०१७ मध्ये वनकायद्यात बदल होऊन वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला आणि शेतकऱ्याला तो तोडणे-नेणे सोपे झाले. कुडाळच्या कोनबॅक या बांबू विकास केंद्राने सिंधुदुर्गात बांबूच्या बांधकामाचे जे काम उभे केले, त्याच्या शेजारी हत्यारांच्या दांड्यांचे एक छोटे काम सहज उभे राहू शकेल.

थरांसाठी लाकूड आणि सरस, दोन्ही इथेच आहे हे मला या सगळ्यातले सर्वांत आशादायक वाटते. रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ वाकडी वाढते, तिचा सरळ सोट निघत नाही म्हणून ती जळणात जाते. पण तिच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या तर वाकडेपणाचा प्रश्न उरत नाही. जुन्या माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग, ज्याची घनता घनमीटरला सहाशे किलोच्या वर असते, तोही पट्ट्यांना चांगला. आतला भुसभुशीत भाग मात्र कटाक्षाने टाकायचा. आणि सरस? काजूच्या टरफलाचे तेल कोकणात होड्यांना आणि लाकडाला लावतात, पाण्यापासून ते राखते हे इथल्या खारव्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्याच तेलातून निघणारे कार्डेनॉल फिनॉलच्या काही भागाच्या जागी वापरून प्लायवूडचे रेझिन बनवता येते. म्हणजे रत्नागिरीच्या काजू कारखान्यांच्या टरफलात मुठीचा सरस दडलेला आहे. बंगळुरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेने विणलेल्या बांबूच्या चटयांपासून फळ्या तयार करण्याचे काम आधीच करून दाखवले आहे. हे सगळे धागे एकत्र आणायला दापोलीत वनशास्त्र आहे, कृषी अभियांत्रिकी आहे, आणि अंगणात पाऊस आहे.

चाचणी कशी घ्यावी हेही स्पष्ट आहे. मुठीचे कोरडे वाकवणे मोजून उपयोग नाही. मुठी दोन दिवस पाण्यात, दोन दिवस उन्हात, अशा पंधरा-वीस फेऱ्या कराव्यात, काही उकळाव्यात, काही नुसत्या पावसात टांगून ठेवाव्यात आणि मग वाकवून, वरून वजन टाकून मोडाव्यात. मोडताना आवाज आणि तुटण्याची तऱ्हा नोंदवावी. चांगला दांडा लांब तंतूंत फाटत, कुरकुरत मोडतो आणि माणसाला हात बाजूला घ्यायला वेळ देतो. सरस सुटलेली मूठ एका क्षणात जाते. तुटलेल्या थरांत पटाशी घालून उचलावे. लाकडाचे तंतू फाटून दोन्हीकडे चिकटलेले दिसले तर सरस लाकडापेक्षा भारी आहे. गुळगुळीत, स्वच्छ रेघ दिसली तर सरस हरला.

तोवर दुकानात मूठ हातात घेताना मी तिचे खालचे टोक उजेडाकडे धरतो. थर सगळे एका दिशेने आहेत की मध्ये आडव्या नळ्यांची ठिपकेदार तोंडे दिसतात ते बघतो. चिकटवणीची रेघ गडद तपकिरी असेल तर फिनॉलची असण्याची शक्यता जास्त, पांढरी किंवा पारदर्शक असेल तर विक्रेत्याला विचारतो. टोक रंगवलेले नसेल तर घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच त्याला काजूच्या टरफलाचे तेल पाजतो, दोन हात, मधे एक दिवस उन्हात ठेवून. माझ्या जुन्या करवतीला आता आवळ्याच्या अखंड लाकडाची मूठ आहे, सरळ आणि जरा जाड. तिने मनगट दुखते, आणि ती अजून सैल झालेली नाही.